जीएच्या डिपिंगने साखर तयार होत नाही

थॉमसन द्राक्षाच्या बागेत मणी १८ मिलिमीटरचा झाला तरी ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, १४ च्या पुढे सरकत नाही, ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. त्यावर जीए (जिब्रेलिक आम्ल) किंवा सीपीपीयूसारखं आणखी एक संजीवक, म्हणजे वाढीवर परिणाम करणारं द्रव्य, मारणं हा उपाय नव्हे. संजीवक साखर बनवत नाही, ती कुठे जायची एवढंच ठरवतं.

साखर बनते पानात. सुक्रोजच्या रूपात ती सालीतल्या रसवाहिन्यांतून निघते आणि शेंडा, मुळं, काडी, घड हे सगळेच तिचे वाटेकरी असतात. सीपीपीयू हे संजीवक सायटोकायनिन या वनस्पती-संप्रेरकासारखं काम करतं. त्याने मण्यातल्या पेशींची संख्या वाढते. सायटोकायनिनमुळे इन्व्हर्टेज या विकराचंही काम वाढतं. ते सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. मण्यातलं सुक्रोज असं संपत राहिलं की मागून आणखी येत राहतं. जीए पेशी फुगवतं, म्हणजे साठवायला जागा होते. पाणी उतरताना, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागताना, मण्यातलं ऑक्झिन हे संप्रेरक कमी झालेलं असतं, अॅब्सिसिक आम्ल हे दुसरं संप्रेरक वाढतं आणि तिथून खरी गोडी भरू लागते.

मणी ३-४ मिलिमीटरचा असताना डिपिंगला, म्हणजे घड द्रावणात बुडवायला, ४० पीपीएम (लिटरला ४० मिलिग्रॅम) जीए लागतं: १ ग्रॅम पावडर थोड्या अॅसिटोनमध्ये पूर्ण विरघळवून २५ लिटर पाण्यात. पाण्याचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ हवा, अल्कधर्मी पाण्यात जीए टिकत नाही. सोबत सीपीपीयू २ पीपीएम, म्हणजे ०.१ टक्क्याचं द्रावण २५ लिटरला ५० मिली. ते वाढवायचा मोह आवरा. जादा सीपीपीयूने साल जाड होते, पाणी उशिरा उतरतं आणि साखर मागे पडते. मणी पिकायचं विसरल्यासारखा हिरवाच राहतो.

घडाच्या पुढे ८-१० निरोगी पानं नसतील तर ओढायला मुळात साखरच नाही. शेंडा आणि बगलफूट (पानांच्या बगलेतले फुटवे) वेळेवर काढा, नाहीतर तिकडेही वाटा जातो.

गर्डलिंगमध्ये २-३ मिलिमीटर रुंद सालीची कडी काढली की मुळांकडे जाणारी साखर वर अडते. मणी ४-६ मिलिमीटरचा असताना केलं तर फुगवण मिळते, पाणी उतरताना केलं तर गोडी. पातं लाकडात घुसलं तर मात्र पाणी वर नेणाऱ्या वाहिन्याही तुटतात. जखम भरून येईपर्यंत मुळं उपाशी असतात, म्हणून अशक्त वेलीला हात लावू नका.