लोथारला शर्ट का नाही

मागच्या रविवारी दुपारी माळा आवरायला काढला. काढला म्हणजे शिडी लावली, दोन खोकी खाली घेतली आणि दुसऱ्या खोक्यात इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा सापडल्यावर आवरणं तिथेच संपलं. बायको खालून दोनदा ओरडली, मी हो हो म्हटलं, आणि फरशीवर फतकल मारून बसलो. भाची आली होती, सहावीतली, ती पण शेजारी येऊन बसली. ह्या मुलांना कॉमिक्सचं कौतुक काही नाही, पण जुन्या कागदाचा वास घ्यायला तिला आवडला.

जादूगार मॅन्ड्रेकचा एक अंक तिनं उचलला. कव्हर अर्धं फाटलेलं. मॅन्ड्रेक नेहमीसारखा टॉप हॅट, काळा कोट, लाल अस्तराचा झगा, आणि मागे लोथार.

"मामा, हा कोण? ह्याचा नोकर?"

"नोकर नाही गं. मित्र आहे त्याचा."

"मग ह्यानं एवढा सूटबूट घातलाय आणि मित्राला बिबट्याचं कातडं का?"

मी म्हटलं, अगं तो आफ्रिकेतला ना. ती म्हणाली, पण आत्ता तर हे घरात बसलेत. ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती उठून आंबा खायला गेली, मी बसलोच.

आम्ही मिरजेला रेल्वे कॉलनीत वाढलो. तेव्हाचं मिरज म्हणजे तीन गेजचं, म्हणजे रुळांच्या तीन वेगवेगळ्या रुंदींचं जंक्शन. पुण्याकडे ब्रॉडगेज, लोंढ्याकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे ती छोटी नॅरोगेज, आषाढीला डब्यांच्या टपावर पण वारकरी. एका गेजचा डबा दुसऱ्यावर चालायचा नाही, माल उतरवून परत भरायला लागायचा, हमाल दिवसभर तेच करायचे. कॉलनीचं पण तसंच होतं. कोण कुठल्या टाइपच्या क्वार्टरमधे राहतो त्यावरून त्याच्या बापाचा पगार सांगता यायचा. माझे वडील टीसी. म्हणजे आमच्या घरात खुंटीला काळा कोट होता, आणि निव्वळ त्या कोटाच्या जोरावर मी चार वर्षं मॅन्ड्रेक होतो. आईच्या काजळाची मिशी काढायची, कोट घोट्यापर्यंत यायचा, आणि मग हात पुढे करून बोटं ताणली की समोरच्यानं संमोहित व्हायचं. झाला नाही तर भांडण.

लोथार एकच होता. त्याचे वडील गँगमन, क्वार्टर पार रुळांच्या पलीकडे. आमच्यात सगळ्यात उंच तो, सगळ्यात ताकदवान तो, आणि सगळ्यात काळा. कोणी ठरवलं असं नाही, मीटिंग घेतली नाही, पहिल्याच दिवशी सगळे एकदम म्हणाले तू लोथार. त्याला आमच्याकडची पिवळ्या ठिपक्यांची उशीची खोळ दिली, ती एका खांद्यावरून बांधायची, आत बनियन नको, कारण लोथार बनियन घालत नाही. आमचा व्हरांडा म्हणजे झॅनाडू, मॅन्ड्रेकचा महाल. नार्डा, म्हणजे मॅन्ड्रेकची मैत्रीण, व्हायला कोणाची बहीण तयार नसायची म्हणून नार्डा कायम प्रवासाला गेलेली. आणि लोथार खालच्या पायरीवर पहाऱ्याला.

आता नीट आठवलं तर तो पहारा फार सोयीचा होता. कारण आजी त्याला व्हरांड्यात येऊ द्यायची नाही. बोलायची वगैरे काही नाही, उलट मायेनं "बाळा तहान लागली का" विचारायची, आणि तांब्या घेऊन यायची, वरून धार धरायची. तो खाली ओंजळ करून प्यायचा, पाणी कोपरांवरून गळून खोळ भिजायची. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही. खेळाचाच भाग वाटायचा, खरं सांगतो.

ह्याच आजीची विठोबावर काय ती भक्ती. सावळा गं माझा, काळा गं माझा, असं रोज चालायचं, आणि तेच म्हणता म्हणता माझ्या ताईच्या तोंडाला डाळीचं पीठ आणि साय. ताई रडायची. शाळेत तर फळ्यावर महिन्यातून एकदा तरी सुविचार असायचा, काय भुललासी वरलिया रंगा. चोखोबाचा आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं. खाली नाव नसायचं, आणि गुरुजींचं अक्षर इतकं सुंदर की आम्ही अक्षरच बघत बसायचो. गॅदरिंगला मात्र राक्षस कोण हे तालमीच्या आधीच ठरलेलं. नाटकातला रामा गडी कोण ते पण.

खोक्यातले अंक बघता बघता एक गंमत लक्षात आली, म्हणजे पूर्वी कुठे तरी वाचलेली परत आठवली. इंद्रजाल आपल्याकडे १९६४ ला सुरू झालं, सुरुवातीचे अंक वेताळाचेच, म्हणजे इंग्रजीतला फँटम, जंगलात राहणारा मुखवटेवाला हिरो. मूळ इंग्रजीत वेताळाच्या देशाचं नाव बंगालच्या फार जवळ जाणारं, आणि चाच्यांची टोळी चक्क सिंग. ते आपल्याकडे देंकाली आणि सिंगा झालं. म्हणजे आपल्या लोकांना टोचेल ते बरोबर शोधून बदललं. जंगलातले बुटके मात्र तसेच राहिले, भाले घेऊन कवटीच्या सिंहासनाभोवती, आणि सिंहासनावर पिढ्यान्‌पिढ्या गोरा. ते कोणाला टोचणार? मलाही नाही टोचलं, मी तर वेताळाच्या अंगठीसाठी जीव टाकायचो.

मग १९७६ ला बहादूर आला, भगवा कुडता आणि जीन्स, आपला देशी हिरो, डाकूचा पोरगा. आता कोटाची अडचण नव्हती, गोरेपणाची तर नाहीच. तरी बहादूर मीच झालो. कसा झालो ते आठवत नाही.

त्या संध्याकाळी मी लोथारला त्या कव्हरचा फोटो पाठवला. हो, अजून माझ्या फोनमधे तो लोथारच आहे. कॉलनीच्या ग्रुपवर पण सगळे त्याला लोथारच म्हणतात, त्याच्या मुलीच्या लग्नात स्टेजवर जाऊन आम्ही "लोथार, अभिनंदन" म्हणून मिठ्या मारल्या होत्या, व्याही बघत राहिले. खाली लिहिलं, बघ काय सापडलं.

लगेच उत्तर आलं. "ह्यातला लोथार राजपुत्र आहे माहितीये ना? सात राष्ट्रांचा. गादी सोडून मॅन्ड्रेकबरोबर गेला तो."

मला माहीत नव्हतं. चाळीसेक अंक वाचलेत मी, काही पाठ आहेत, मॅन्ड्रेकचा आचारी होजो हाच इंटर-इंटेल ह्या हेरसंस्थेचा गुप्त प्रमुख हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण लोथार राजपुत्र, हे डोळ्यांखालून गेलंच नाही. त्याच्या घरी तर कॉमिक्स यायचीही नाहीत, आमचीच वाचायचा, पायरीवर बसून, आमची वाचून झाल्यावर.

मग त्यानंच पुढे लिहिलं, की सुरुवातीला, १९३४ च्या सुमाराला, तो इंग्रजी पण मोडकं बोलायचा, १९६५ मधे चित्रकार बदलल्यावर त्याला नीट बोलायला लावलं. एवढं सगळं टाइप केलं गड्यानं. रिटायर झाल्यावर नेटवर वाचतो म्हणाला.

मी विचारलं, अरे मग तेव्हा बोलला का नाहीस? तू राजपुत्र आहेस म्हणून?

बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं. थांबलं, परत सुरू झालं. मला वाटलं आता मोठं काही येणार.

"ती पायरी दुपारी लई तापायची रे," एवढंच आलं.

मी अंगठा पाठवला. मग तो डिलीट केला. खालून बायको विचारत होती, शिडी उचलू का.