तळघरात मुरलेली रोशफोर

बेल्जियममधल्या लुवेन शहरात राहायला आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, २०१८ च्या डिसेंबरमध्ये, मी रोशफोर १० या बेल्जियन ट्रॅपिस्ट (कॅथलिक संन्याशांचा एक पंथ) मठातील बिअरचा २४ बाटल्यांचा क्रेट घेतला आणि त्यातील निम्म्या बाटल्या मुरवण्यासाठी बाजूला काढल्या. ११.३ टक्के मद्यार्काची ही गडद तपकिरी बिअर ताजी असताना जिभेला किंचित झोंबते. ती मवाळ व्हावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

जागेच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. सहा बाटल्या तळघरात गेल्या आणि सहा स्वयंपाकघरात, हीटरच्या वरच्या फळीवर राहिल्या. वर्षाने फळीवरची बाटली उघडली, तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला. बाटली भरताना आत राहिलेला थोडासा प्राणवायू उष्णतेत झपाट्याने बिअर बिघडवतो. दहा-बारा अंशांच्या गारव्यात तोच प्राणवायू सावकाश काम करून शेरी या स्पॅनिश वाइनसारखा, सुक्या मेव्याचा गंध आणतो. उरलेल्या पाच बाटल्यांचीही तीच गत झाली होती आणि त्या ओतून देताना जीव तुटला.

तळघरातल्या बाटल्या मी वाइनप्रमाणे आडव्या न ठेवता अंधाऱ्या कोपऱ्यात उभ्या ठेवल्या होत्या, म्हणजे यीस्ट तळाशी बसते आणि हवेला लागणारा बिअरचा पृष्ठभागही लहान राहतो. दर डिसेंबरला त्यातली एक उघडायची, असा नेम ठेवला. पहिल्या वर्षी फारसा फरक जाणवला नाही. तिसऱ्या वर्षीची बाटली मात्र मी अजून विसरलेले नाही: रुंद तोंडाच्या पेल्यात ती अलगद ओतली, तळाचा बोटभर गाळ बाटलीतच राहू दिला, आणि पहिल्याच घोटाला मनुका, खारीक व त्यामागून काकवीची किंचित करपट गोडी आली, मद्यार्काची झोंब जाऊन नुसती ऊब उरली होती. हलक्या लागर बिअरला किंवा हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा व सुगंध देणाऱ्या फुलांच्या) ताज्या सुगंधावर उभ्या असलेल्या बिअरला असे मुरवणे मानवत नाही, कारण तो सुगंधच आधी उडून जातो.

पाचव्या वर्षीच्या बाटलीला फेस जेमतेम धरला आणि चवही थोडी पातळ लागली, म्हणून सहावी आणखी थांबवली नाही. त्याच आठवड्यात पुण्याहून आलेल्या धाकट्या भावाबरोबर ती वाटून घेतली. सोबत जुने गौडा चीज होते, आणि त्याच्या खारटपणाने काकवीची ती गोडी पुन्हा वर आली.