शाहिरी पडद्यावर फिकी का पडते?

शाहिरी कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करत असल्यामुळे मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : वस्तीतल्या मैदानात अंगावर काटा आणणारा जलसा, म्हणजे गाण्यांतून लोकजागृती करणारा शाहिरी कार्यक्रम, चित्रपटात आला की फिका का पडतो? अन्यायाची कैफियत तीच असते, शाहीरही तोच असतो, मग हरवते काय? तुम्हीही विचारलेत म्हणून सांगतो : बहुतेक वेळा कॅमेरा शाहिराला धरतो आणि झीलकऱ्यांना, म्हणजे त्याच्या ओळीला मागून सुरात साथ (झील) देणाऱ्यांना, सोडून देतो.

जलसा हा एकट्याने करायचा प्रकारच नव्हे. सत्यशोधकी जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात महात्मा फुल्यांचा विचार भरला. पुढे आंबेडकरी जलशांनी आणि १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथक या डाव्या चळवळीतल्या पथकानेही लोकांच्या ओळखीचाच बाज वापरला. अण्णा भाऊंनी गणातले, म्हणजे तमाशाच्या सुरुवातीचे, गणपतीचे स्तवन काढून तिथे मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना मुजरा घातला, पण साथीदार मात्र ठेवले. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत ती उचलतात आणि तेवढ्या अवधीत शाहीर दम घेतो, तर श्रोत्याला मालकाचे नाव न घेता मारलेला टोमणा उमगतो. हशा फुटतो तो नेमका तिथे. शाहिराच्या कॉलरला माईक लावून झील दूर ठेवली आणि संकलनाच्या टेबलावर ती जागा रिकामी समजून कापली, की गाण्याचे भाषण होते. (भाषणांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता.)

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहा जण मारले गेले आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. तिथून सुरू होणाऱ्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटासाठी आनंद पटवर्धन चौदा वर्षे चित्रण करत राहिले. तीन तासांहून लांब असलेल्या या चित्रपटात गाणाऱ्यांबरोबर ऐकणाऱ्यांनाही पुरेसा वेळ मिळतो, म्हणून मला त्याची लांबी खटकत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या कथापटात (२०१४) चळवळीतच वावरलेले वीरा साथीदार लोकशाहीर नारायण कांबळे झाले आहेत आणि गाणी शाहीर संभाजी भगत यांची आहेत. तिथला कॅमेरा स्थिर आणि लांबवर असल्याने शाहिराबरोबर त्याचे साथीदारही चौकटीत राहतात. गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप शाहिरावर येतो, तेव्हा खटल्यापुरते त्या गाण्याचे नुसते शब्द उरतात. चाल, झील आणि समोरची माणसे यांपैकी काहीच कागदपत्रांत येत नाही.

म्हणून चित्रीकरणाला गेलो की मी पहिला माईक झीलकऱ्यांसमोर ठेवतो आणि दुसरा श्रोत्यांकडे वळवतो. शाहिराचा आवाज त्या दोन्हींत आपसूक येतो; नाही आला, तर त्याच्यासाठी तिसरा लावता येतो.