डेकचा सांगाडा उभा राहिला

न्यू जर्सीतल्या आमच्या परसात मी घराला लागून डेक, म्हणजे लाकडी ओटा, बांधतोय, त्याची ही पुढची खबर. टाउनशिपच्या इन्स्पेक्टरने खांबांचे खड्डे आधीच पास केले होते, आता सांगाडाही पास झाला. माप ठरल्याप्रमाणेच, भिंतीलगत १६ फूट आणि पुढे १२ फूट.

या मापाचा एक फायदा म्हणजे कर्ण बरोब्बर २० फूट येतो. बायकोने टेपचं टोक भिंतीपाशी धरलं, मी पलीकडची खुंटी जराजरा सरकवत गेलो आणि दोन्ही कर्ण २० फुटांवर जुळले, म्हणजे कोपरे काटकोनात आले, तेव्हाच दोरी आवळली. एवढ्या लांबीला नुसत्या गुण्यावर भागत नाही. खोदण्याआधी ८११ला (जमिनीखालच्या लाइनी दाखवणाऱ्या सेवेला) फोन करून गॅस-विजेच्या लाइनींवर खुणा करून घेतल्या. ही सेवा फुकट आहे, चुकवू नका.

खड्डे ३६ इंच खोल. थंडीत गोठलेली माती फुगते आणि उथळ काँक्रीट वर उचलते, म्हणून गोठण्याच्या पातळीखाली जावंच लागतं. सहा बाय सहा इंची खांब काँक्रीटमध्ये गाडले नाहीत, वर धातूच्या बैठकीवर उभे केले. बुंध्याशी पाणी साचत नाही.

सगळ्यात जास्त जीव ओतला तो लेजरवर, म्हणजे घराच्या भिंतीला लागणाऱ्या फळीवर. डेकचा जवळजवळ अर्धा भार तिच्यावर असतो आणि डेक कोसळतात ते बहुधा हाच जोड सुटल्यामुळे. नुसते खिळे इथे अजिबात नकोत. साइडिंग (भिंतीचं बाहेरचं आवरण) काढून लेजर थेट घराच्या रिम जॉइस्टला (मजल्याच्या कडेच्या तुळईला) अर्ध्या इंची लॅग स्क्रूंनी (लाकडात बसणाऱ्या जाड स्क्रूंनी) बसवला, स्क्रू वर-खाली अशा दोन ओळींत. वरून फ्लॅशिंग (पाणी अडवणारी पट्टी), त्याचं वरचं टोक साइडिंगच्या आत, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी फळीच्या मागे शिरत नाही. फ्लॅशिंग अॅल्युमिनियमचं घेतलं नाही. २००३ अखेर सीसीए, म्हणजे आर्सेनिकवालं रसायन मुरवलेलं लाकूड, घरगुती कामातून गेलं, तेव्हापासून प्रेशर-ट्रीटेड (दाबाने रसायन मुरवलेल्या) लाकडात तांबं भरपूर असतं आणि ते अॅल्युमिनियम व साधं पोलाद खातं. म्हणून हँगर (तुळया धरणाऱ्या धातूच्या कड्या), खिळे, बोल्ट सगळे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेले. थोडे महाग पडतात, पण इथे काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

जॉइस्ट, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या तुळया, दोन बाय दहा इंची, दर १६ इंचांवर एक. कोष्टकाप्रमाणे दोन बाय आठही चालले असते, पण वीस-पंचवीस माणसं एकदम बसली तरी डेक हलता कामा नये.

आता फळ्या. लाकूड अजून ओलं आहे, त्यामुळे एकमेकींना भिडवूनच ठोकणार. वाळल्या की फट आपोआप पडते. डेक जमिनीपासून ३४ इंच, म्हणजे ३०च्या वर, त्यामुळे ३६ इंची कठडा सक्तीचा. त्याचे खांब कडेच्या फळीच्या आतून, ठोकळे देऊन बोल्टने आवळायचा विचार आहे. कोजागिरीला मंडळी वर बसवायची आहेत, तेव्हा कोणी असे खांब बसवले असतील तर किती घट्ट राहिले ते जरूर सांगा.