चार नंबरचा डबा

मंगळवार, रात्री साडेनऊ

डबा परत आला, पण तो आपला नाही.

दारातच कळलं. तिसऱ्या मजल्यावरची धाकटी हातात पिशवी कोंबून जिन्याने पळाली. मी पिशवीत हात घातला आणि डोळ्यांच्या आधी बोटांना समजलं. आपल्या डब्याला बुडाशी एक पोचा आहे, अंगठा बरोबर बसेल एवढा. याचं बूड गुळगुळीत. दिव्याखाली नेऊन पाहिला. उंची तीच, घेर तोच, झाकणाची कडही तशीच वळवलेली. नाव मात्र ‘स. मो.’. आत मूठभर साखर होती. फराळाचा डबा रिकामा पाठवायचा नाही ही रीत त्यांनी पाळली होती. एरवी मला त्याचं फार बरं वाटलं असतं.

ही म्हणाली, “स्टीलचा डबा गेला, स्टीलचा आला. बिघडलं काय?”

काय बिघडलं ते मला सांगता येईना. म्हणून लिहायला बसलोय.

संध्याकाळपासून तीनदा वर-खाली केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ओट्याखालचं सगळं कपाट माझ्यासमोर उघडलं. कणकेचे हात तसेच होते त्यांचे. म्हणाल्या, “भाऊजी, हा ‘स. मो.’ आमचाही नाही हो. बी विंगमधून आला असेल.” मग बी विंगमध्ये त्यांनी करंज्या पाठवल्या त्या आपल्या डब्यातून की त्यांच्या? त्यांना आठवेना. आठवणार तरी कसं? लक्ष्मीपूजनापासून तुळशीच्या लग्नापर्यंत या इमारतीत किती डबे जिने चढतात-उतरतात. दर वर्षी आपल्या घरचे डबे मी देतो आणि कुठला कुठे गेला ते माझ्या डोक्यात पक्कं असतं. या वर्षी मी बँकेत होतो. हिने चकल्या भरायला समोर दिसला तो डबा घेतला.

मी तिला काही बोललो नाही. बोललो नाही हे तिला कळलं आणि त्याचा तिला जास्त त्रास झाला असणार. असो.

चार नंबरचा डबा. पाचांचा सेट आहे तो, एकात एक बसणारा. नंबर लहानाकडून मोजायचे, ही आईची पद्धत. एक नंबरात वेलदोडे-जायफळ, पाचात चिवडा. चौथा एरवी दाण्याच्या कुटाचा, दिवाळीत चकल्यांचा.

आईने तो तुळशीबागेत घेतला, 1976 च्या एप्रिलमध्ये, माझ्या मुंजीच्या आधी. मी बरोबर होतो. मंडईतून कैऱ्या घेतल्या, रामाला नमस्कार केला, मग दुकान. दुकानदाराने पाचही डबे एकातून एक काढून रांगेत मांडले आणि टिचकी मारून प्रत्येकाचा आवाज ऐकवला. मग नाव घालणारा. पेनासारखं यंत्र, मागे वायर. ते टर्रर्र करत पत्र्यावर बारीक ठिपके पाडत जायचं आणि त्या ठिपक्यांचं अक्षर व्हायचं. आईने कागदावर लिहून नेलं होतं: आमचं आडनाव, खाली ‘मुंज, वैशाख शके 1898’. मी टेबलाला नाक लावून बघत होतो. चौथ्या डब्यावर त्याचा आडनावातला अनुस्वार राहिला. तो म्हणाला, “एक टिंबच ना बाई, आत्ता घालून देतो.” आई म्हणाली, “राहू दे. ही या डब्याची खूण.”

पोचा नंतरचा. तो मी पाडला. ताईच्या पहिल्या दिवाळसणाला अनारसे घेऊन सांगलीला निघालो होतो. स्वारगेटला एसटीत चढताना हातातली पिशवी निसटली. अनारशांचा चुरा झाला, पण झाकण निघालं नाही. ताईच्या सासरी तो चुरा सगळ्यांनी दुधात घालून खाल्ला.

भांड्यावरच्या नावाचं आईला इतकं का, ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. तिचं माहेर नारायण पेठेतलं, नदीच्या अंगाला, तळमजल्यावर दोन खोल्या. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आई तेव्हा चौदा वर्षांची. माणसं वेळेवर निघाली, घरातलं सगळं गेलं. पाणी ओसरलं तेव्हा खोल्यांत गुडघाभर चिखल. आठ दिवसांनी एक अनोळखी गृहस्थ सायकलच्या कॅरिअरला सुतळीने पितळी घागर बांधून आले. नदीच्या खालच्या अंगाला त्यांना ती सापडली होती. गळ्याशी छिन्नीने आजोबांचं नाव आणि ‘नारायण पेठ’ एवढंच कोरलेलं. तेवढ्यावर ते घर विचारत विचारत आले. आजीने घागर हातात घेतली आणि रडायला लागली. घर गेलं तेव्हा रडली नव्हती म्हणे.

“नाव असलेलं भांडं घरी येतं.” हे आईचं वाक्य. सूर्य पूर्वेला उगवतो तसं मी ते धरून चाललो. बोहारणीकडून बाबांच्या टेरिलीनच्या दोन पँटींवर घेतलेली परातसुद्धा आई दुसऱ्या दिवशी तुळशीबागेत नेऊन, वेगळे पैसे मोजून, नाव घालून घेऊन आली. चमच्यांवरसुद्धा नाव. डावावर, झाऱ्यावर, किसणीवर.

तिचं ते माझ्यात उतरलंय. कुणाकडे पाणी प्यायला दिलं की मी फुलपात्र फिरवून नाव वाचतो. लग्नात पंगतीला बसलो की आचाऱ्याच्या पातेल्यांवरची लाल ऑइलपेंटची अक्षरं वाचतो. पाहुणे गेल्यावर वाट्या मोजतो. पाहुण्यांवर संशय म्हणून नाही. मोजून झालं की घर पुन्हा जागच्या जागी आल्यासारखं वाटतं.

लेकीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती बंगळुरूहून म्हणाली, “बाबा, फोटो पाठव ना. सेम टू सेम मागवून देते, परवा येईल.” मायेनेच म्हणाली. पण पाठवायला फोटो कशाचा? नसलेल्या अनुस्वाराचा?

खरं सांगायचं तर मघापासून फार एकटं वाटतंय. ते दुकान, ते टेबल, ती टर्रर्र, आईचं ते “राहू दे” यातलं काहीही या घरात माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही. सगळ्यांना डबा दिसतो. आणि त्या डब्यात तर दाण्याचं कूट असायचं. एवढ्या साध्या वस्तूसाठी घसा दाटून येतो, हे कुणाला सांगायचं? आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा मी बारा दिवस पाहुण्यांचं चहापाणी बघत होतो.

जाऊ दे. ताईला फोन करतो. झोपली असेल, पण करतो.


पावणेबारा

ताई झोपली होती. उठून बोलली. पोच्यापर्यंत आलो तर म्हणाली, “अनारशांचा चुरा अजून आठवतो रे.” मग सगळं ऐकून घेतलं आणि थोड्या वेळाने विचारलं, “बरं, आपल्याकडचा तो तांब्या कुठाय?”

“कुठला? तुझा?”

“माझा कुठला, वेड्या.”

पितळेचा छोटा तांब्या आहे आमच्याकडे. गळ्याखाली कोरलंय, ‘चि. ताईस, आत्याकडून’. लहानपणी मी यावरून रुसून बसायचो. ताईला तिच्या नावाचा तांब्या आणि मला नाही म्हणून. तिने तो सासरी नेला नाही याचंही मला नवल वाटायचं. आई दर दिवाळीला चिंच लावून तो लखलखीत करायची आणि पुन्हा कपाटात वरच्या फळीवर ठेवून द्यायची. त्यात खडीसाखरेचे दोन-चार खडे कायम असत. मी स्टुलावर चढून ते पळवायचो आणि एरवी रागावणारी आई एका शब्दाने न बोलता दुसरे खडे टाकायची.

ताई म्हणाली, “बाबांना बहीण होती का रे?”

नव्हती. बाबा चार भावांतले. आम्हाला आत्याच नाही. पन्नास वर्षं मी ती अक्षरं वाचतोय. लोकांच्या घरची फुलपात्रं फिरवून वाचतोय. आणि हे माझ्या लक्षात आलं नाही.

तांब्या पुरातला. पाणी ओसरल्यावर आजीच्या दारातल्या चिखलात सापडला. कुणाच्या तरी घरातून वाहत आला होता. आजीने शेजारीपाजारी विचारलं, रेशनच्या रांगेत विचारलं. पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगरला पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, तिथे ओळखीचं कुणी राहायला गेलं की त्यांच्याकरवी विचारलं. पण त्यावर कुणाचं आडनाव नाही, पेठ नाही. ताई तर घरोघरी असते. आईच्या लग्नात आजीने तो तिच्याबरोबर दिला. सांगितलं, आपला नाही, सांभाळायला आहे. कुणी मागायला आलं तर रिकामा देऊ नकोस.

म्हणून खडीसाखर.

आईने हे ताईला तिच्या लग्नाच्या आदल्या रात्री सांगितलं. मला कधी सांगितलं नाही. का नाही, हे ताईला विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही.

फोन ठेवून माळ्यावर चढलो. एवढ्या रात्री ही उठून आली आणि काही न विचारता स्टूल धरून उभी राहिली. तांब्या आईच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. तीन दिवाळ्या कुणी घासलेला नाही, काळा पडलाय. आत हात घातला. तीन खडे आहेत, पिवळट पडलेले, एकमेकांना चिकटलेले. हे आईनेच टाकलेले. तिच्यानंतर मी त्यात काही टाकलेलं नाही, मला माहीतच नव्हतं.

हिला सगळं सांगितलं, तिथेच, माळ्याखाली स्टुलापाशी बसून. तिने तांब्या हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “म्हणजे आपल्याकडे अजून कुणाकुणाचं काय काय असेल बघ.”

मग आम्ही दोघांनी शोधलं. मध्यरात्र व्हायला आली तरी ओट्यावर एकेक काढून ठेवत होतो. नऊ निघाली. नऊ भांडी दुसऱ्यांच्या नावाची. समोरचे नाशिकला गेले त्यांचं एक पातेलं, त्यावर त्यांच्या आईचं नाव. ‘प. के.’ अशा दोन वाट्या. एक झारा. एक ताटली, जिच्यावर नुसतंच ‘सौ.’ लिहून पुढचं झिजलंय. हिने ओळखलं ते एक कुणाचं तरी चहाचं गाळणं. आमच्या ओट्यावर ती रोजची झालेली होती. त्या ‘प. के.’ वाटीत मी रोज सकाळी दही खातो.

कुणी बेईमानी केलेली नाही. एखाद्या आजारपणात कुणीतरी खिमट आणून दिलं असेल, बारशाला काही कमी पडलं असेल, घाईत ते इकडेच राहिलं असेल. आणि त्या त्या घरी कुणीतरी संध्याकाळी आपल्यासारखं कपाट उघडून शोधलं असेल.

त्या मघाच्या एकटेपणाचं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. डबा अजून हवाच आहे. उद्या बी विंगमध्ये जाणार आहे, नाही मिळाला तर पुन्हा रविवारी जाईन. पण मघाशी डबा हरवला असं वाटत होतं, आता तो कुणाच्या तरी ओट्यावर आहे असं वाटतंय. तिथे त्याच्यात कूट असेल किंवा रवा. घासताना कुणाच्या तरी बोटांना तो पोचा लागत असेल. अनुस्वार नाही हे त्यांना कळायचं नाही. न कळो.

‘स. मो.’ चौथ्याच्या जागी बसवून पाहिला. पाचात गेला. तीन नंबरचा मात्र त्याच्यात अडकतो, केसभर. म्हणजे घेर तोच असं वर लिहिलंय ते चुकलं.

नाशिकवाल्यांचा नंबर माझ्याकडे आहे. पातेल्याचं त्यांना सकाळी सांगतो. ‘प. के.’ कोण ते हिला सुचतंय का बघायचं. तांब्या उद्या चिंच लावून घासायचा. आईचे तीन खडे मी काढलेले नाहीत, त्यांच्या शेजारी चार नवे टाकले.

‘स. मो.’वर कागद चिकटवलाय: “हा डबा ज्यांचा असेल त्यांनी न्यावा. आमचा चुकून तुमच्याकडे आला असल्यास दुसरा मजला.” सकाळी बँकेत जाताना वॉचमनकाकांच्या टेबलावर ठेवीन. मी डबा दाराशी ठेवायला निघालो तर हिने थांबवलं.

“रिकामा ठेवतोस?”

चकल्या पाचच उरल्या होत्या. पाचही घातल्या.