बॉर्डरची फुलं बियांपासून करताना

वाफ्याला कितीही छान विटा लावा, कडेला काही पसरलेलं नसेल तर बाग अर्धवटच वाटते मला. वीतभरही उंच न होणारं आणि जमिनीलगत पसरत जाणारं काहीतरी तिथे हवंच, मागच्या झाडांचे बोडके बुंधेपण झाकले जातात. माझी आवडती दोन, अ‍ॅलिसम आणि पोर्चुलाका, म्हणजे आपलं ऑफिस टाइम. एवढी लांब कड भरायची तर तयार रोपं परवडत नाहीत, बीच पेरायचं.

पहिल्या वर्षी अ‍ॅलिसमचं बी अर्धा इंच खोल पेरलं, तीन आठवडे रोज पाणी घातलं आणि एक कोंब नाही! मी बियाण्याला दोष दिला, पण चूक माझी होती. या दोन्हींच्या बारीक बियांना रुजायला उजेड लागतो आणि एवढ्याशा बीमध्ये खोलातून वर यायची ताकदच नसते. आता बी कोरड्या वाळूत मिसळते, ओल्या मातीवर भुरभुरते, तळहाताने हलकंसं दाबते, बास, वरून माती नाही. व्हर्बिना आणि फ्लॉक्सचं नेमकं उलटं, त्यांना अंधार लागतो, तिथे पातळ थर द्यायचाच.

पाणी झारीने ओतलं की सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं, म्हणून स्प्रे किंवा ट्रे खालून भिजवायचा. अ‍ॅलिसम साधारण 5 ते 10 दिवसांत दिसायला लागतं, पोर्चुलाकाला आठवडा-दोन आठवडे आणि चांगली ऊब लागते. मग विरळणी. जीवावर येतं, मलाही येतं, पण दाटी ठेवली आणि माती सतत ओली राहिली तर कोवळी रोपं बुडाशी काळी पडून एका रात्रीत आडवी होतात. वाफ्यात दोन रोपांत 15-20 सेंमी अंतर ठेवा, सुरुवातीला ओकंबोकं दिसेल, दिसू दे.

पोर्चुलाकाला भरपूर ऊन आणि हलकी माती द्या, खताचे लाड नकोत, नाहीतर नुसती पानंच. अ‍ॅलिसमचा पहिला बहर ओसरला की कात्रीने एक तृतीयांश छाटा, परत फुटतं, आणि त्या मधासारख्या वासावर छोट्या फुलमाश्या येतात ज्यांच्यातल्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा ही कीड खातात, म्हणून गुलाबाच्या वाफ्याला मी मुद्दाम त्याचीच कड करते.

आणि हो, फुलं संपल्यावर थोडं बी तिथेच पडू द्या. पुढच्या हंगामात विटांच्या फटींतून रोपं येतात, तण समजून उपटू नका.