भाडेकरूची अनामत आणि घरमालकाचा हिशेब

इंदूरच्या भंवरकुआँ परिसरात स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांची दाटी आहे आणि राज्य लोकसेवा आयोगाचे मुख्यालयही इंदूरमध्येच आहे. त्यामुळे इथल्या अनेक मराठी घरांचा वरचा मजला खंडवा, बऱ्हाणपूर, रतलामकडून आलेल्या विद्यार्थ्यांकडे असतो. आमचाही तसाच आहे. किराया किती घ्यावा, मोटरीचे वीजबिल कोणी भरावे यावर आम्ही घरमालक तासन्‌तास बोलतो, परंतु येताना घेतलेल्या अनामत रकमेचा विषय मुलगा खोली सोडायला निघेपर्यंत कोणी काढत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ही रक्कम घरमालकाच्या खात्यात असली तरी त्याची कमाई नसते, आणि तिच्यातून काही कापायचे झाल्यास ते कशापोटी कापले, हे दाखवण्याचे काम त्याचेच असते.

सर्वाधिक वाद पुताईवरून होतात. खोली रिकामी झाली की रंगाचे पैसे अनामतीतून वळते करण्याची आपल्याकडे जणू रीतच पडली आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूने जागा मिळाली त्या स्थितीत परत करायची असते खरी, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि मनुष्याच्या हाताबाहेरच्या कारणांनी झालेले बदल त्यातून वगळलेले आहेत. दोन वर्षांत फिका पडलेला डिस्टेंपर किंवा बोअरिंगच्या जड पाण्याने नळावर चढलेला पांढरा थर ही झीज आहे. लाथ मारून फोडलेले दार ही झीज नव्हे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात तर भिंतींची सफेदी, दारेखिडक्यांचा रंग आणि गरजेप्रमाणे जलवाहिन्या बदलणे ही कामे स्पष्टपणे घरमालकाकडे दिली आहेत, आणि नळाचे वॉशर, स्विच, सॉकेट, कड्या-कुलपे, खिडक्यांच्या काचा यांची दुरुस्ती भाडेकरूकडे. ही वाटणी मला अत्यंत व्यवहार्य वाटते.

याच आदर्श कायद्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढी, तर इतर वापराच्या जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत ठरवली आहे, आणि रिकाम्या जागेचा ताबा घेताना देय रकमा वजा करून उरलेली अनामत परत करावी, असे म्हटले आहे. अर्थात हा केवळ नमुना आहे आणि राज्याने स्वतःचा कायदा केल्यावाचून तो कोणावर बंधनकारक होत नाही. मध्य प्रदेशाचा १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम मुख्यतः भाडे आणि बेदखली यांभोवती फिरतो. म्हणून अनामतीबाबत आपला लेखी करार जितका स्पष्ट, तितके बरे. अकरा महिन्यांचे छापील करार आपण न वाचता सही करतो, ही सवय दोन्ही बाजूंना महागात पडते.

मुदतीआधी खोली सोडल्यास संपूर्ण अनामत जप्त, असे एक कलम अशा करारांत हमखास आढळते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ मुळे मात्र करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा ठरते आणि तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळू शकते. खोली आठवडाभरात दुसऱ्याला दिली गेली असेल, तर दोन महिन्यांचे पैसे अडवून ठेवण्याला आधार उरत नाही.

माझी पद्धत साधी आहे. अनामत बँकेतूनच घ्यावी, तिची पावती द्यावी, आणि सामान आत येण्यापूर्वी पंखे, गीझर, नळ, फरशी यांची छायाचित्रे दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवावीत. वीजमीटरचे वाचन करारावरच लिहावे. कपात झालीच तर कारागिराचे बिल जोडून द्यावे. अंदाजे आकडा सांगणे हे आपल्यासारख्या हिशेबी माणसांना शोभत नाही. व्याज देण्याविषयी करारात काही नसेल तर भाडेकरू सहसा मागतही नाही, पण रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवली की ती घरखर्चात विरघळत नाही आणि नवा भाडेकरू मिळेपर्यंत जुन्याला ताटकळत ठेवण्याची वेळ येत नाही.

घर विकले जाते तेव्हा मात्र खरी गल्लत होते. जुना मालक नव्याकडे बोट दाखवतो, नवा म्हणतो की मला रक्कम मिळालीच नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०९ प्रमाणे भाडेकरूने तसे ठरवल्यास खरेदीदारावर मूळ मालकाच्या दायित्वांचाही भार येतो. त्यामुळे विक्रीच्या व्यवहारातच अनामत वेगळी दाखवून ती खरेदीदाराकडे वळती करावी आणि भाडेकरूला तसे लेखी कळवावे. घरमालकाच्या मृत्यूनंतरही हे देणे संपत नाही, ते त्याच्या मालमत्तेतून फेडायचे असते. भावाभावांत वाटणी व्हायची आहे म्हणून वरच्या मजल्यावरच्या मुलाने थांबावे, असे त्याला सांगता येणार नाही.